उद्यापासून नक्की!



सीताफळांचा हंगाम आला की आम्हाला आमची एक जुनी फजिती आठवते. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे रस्त्याच्या कडेला विकायला येतात, हे आपण सगळे जाणतो. एका संध्याकाळी आम्ही दोन फळे घ्यायला थांबलो. विकणारी मावशी म्हणाली, "फादर, दोन कशाला? दिवस मावळलाय, समदं कॅरेटच घ्या. निम्म्या भावात देते." आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेले, पण त्या क्षणी एकही तत्त्ववेत्ता मदतीला आला नाही. कॅरेट घरी आले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो सगळी फळे एकदम पिकलेली! त्याच दिवशी धर्मग्रामातल्या तीन घरांतून प्रेमाने "फादरांसाठी" म्हणून सीताफळेच आली. वाटून वाटून किती वाटणार? टाकायची म्हणजे पाप, म्हणून खाल्ली, आणि रात्री पोट धरून निश्चय केला, "उद्यापासून विचार केल्याशिवाय काहीही घ्यायचे नाही." दुसऱ्या दिवशी बाजारात पेरू स्वस्त होते.

हसू येते ना? पण या "उद्यापासून नक्की" मध्ये आपल्या सगळ्यांचे चरित्र आहे. उद्यापासून तंबाखू बंद, उद्यापासून मुलांवर ओरडणे बंद, उद्यापासून संध्याकाळची रोझरी चुकवायची नाही. हा "उद्या" मोठा चमत्कारिक दिवस आहे. त्याच्यावर आपण सगळी कामे टाकतो आणि तो कधीच कामावर येत नाही. म्हणून या रविवारी आत्मसंयमनाचा थोडा अभ्यास करू या.

कळते, पण वळत नाही

संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या फळांची यादी देतो. ती प्रीतीने सुरू होते आणि आत्मसंयमनाने संपते. हाच पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात मोकळेपणाने कबूल करतो की, जे चांगले करावेसे वाटते ते आपल्या हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच होऊन बसते. एवढा मोठा प्रेषित. पण त्याची तक्रार आपल्यासारखीच. आपल्या भाषेत या दुखण्याला चार शब्दांचे नेमके नाव आहे : कळते, पण वळत नाही.

आपल्या अंबाजोगाईला तर हा विषय परका नाही. ज्यांची समाधी आपल्या गावात आहे, त्या मुकुंदराजांच्या ग्रंथाचे नावच 'विवेकसिंधु'. तो शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये लिहिला गेला, असे परंपरा मानते. विवेकाला सिंधु म्हणणाऱ्याच्या गावात आपण राहतो आणि घोटभर विवेकासाठी तडफडतो!

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने ख्रिस्तापूर्वी सव्वातीनशेहून अधिक वर्षे आधी या दुखण्याचे दोन प्रकार सांगितले. पहिला प्रकार उतावळ्याचा. हा विचारच करत नाही. मन उसळले की हात चालतो. दुसरा प्रकार दुबळ्याचा. हा नीट विचार करतो, योग्य निर्णय घेतो आणि मग तो मोडतो. आपल्याला वाटेल, दुसरा बरा. निदान विचार तरी करतो. ॲरिस्टॉटल उलट म्हणतो : त्यातल्या त्यात उतावळा बरा! कारण उतावळ्याला विचार करायला शिकवता येते. पण विचार करूनही जो पाळत नाही, त्याला आणखी काय शिकवायचे? या संदर्भात तो ग्रीकांच्या एका म्हणीची आठवण देतो. तिचा आशय असा, की पाणीच घशात अडकले तर ते उतरवायला काय प्यायचे?

म्हणजे नुसत्या उपदेशाने संयम येत नाही. तसे असते तर सर्वांत संयमी माणूस आम्हीच असतो, कारण आमचे प्रवचन सर्वांत जास्त वेळा आम्हीच ऐकतो.

पहिली गंमत : "मी पडणार नाही" म्हणणारा आधी पडतो

संत पेत्राकडे पाहा. उतावळेपणात त्याचा हात धरणारा प्रेषित नाही. पाण्यावर चालणाऱ्या येशूला पाहिले, की नावेतून उतरला. वारा दिसला, की बुडू लागला. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने सर्वांसमोर सांगितले की, बाकीचे अडखळले तरी मी अडखळणार नाही. तुरुंगात यायला आणि मरायलाही तयार आहे. नंतर काय झाले? गेथशेमाने बागेत त्याला तासभर जागता आले नाही. जाग आली तेव्हा तलवार उपसून त्याने महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, उजवा कान कापला. आणि कोंबडा आरवण्यापूर्वी, एका दासीच्या प्रश्नापुढे, तो डगमगला.

एकाच रात्री दोन्ही दुखणी : तलवार काढताना उतावळा, शेकोटीजवळ दुबळा. पेत्र खोटे बोलत होता का? नाही. "मरायला तयार आहे" हे तो मनापासूनच म्हणाला. चूक एवढीच झाली की, जेवून बसलेल्या, मित्रांमध्ये असलेल्या पेत्राने थंडीत एकट्या पडलेल्या, घाबरलेल्या पेत्राच्या वतीने शब्द दिला. आपणही हेच करतो. पोट भरलेले असताना उपवासाचा निश्चय करतो, शांत असताना "मी रागावणारच नाही" म्हणतो. आपल्या बळावर ज्याचा फार विश्वास, तो सावध राहत नाही. आणि सावध नसलेला आधी घसरतो.

दुसरी गंमत : संयमही माणसाला फसवू शकतो

एका उपवासकाळात आम्ही चहा सोडला. चाळीस दिवस थेंब घेतला नाही. त्याचा आम्हाला केवढा अभिमान! पण पहिल्याच आठवड्यात वेदीसेवक मुले आमच्यापासून लांब पळू लागली. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी अखेर धीर करून म्हटले, "फादर, चहा घ्या हो. तुम्ही चहा प्यायचा सोडलाय आणि आमचं रक्त प्यायला लागलाय." त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. आम्ही एक गोष्ट आवरली होती आणि तिच्या जोरावर दहा गोष्टी मोकाट सोडल्या होत्या. पौलाची यादी प्रीतीने का सुरू होते, ते त्या दिवशी कळले. ज्या संयमाने घरातली माणसे दुखावतात, त्याला आत्म्याचे फळ म्हणता येत नाही.

याहून भयंकर उदाहरण मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. वाढदिवसाच्या मेजवानीत हेरोद राजा एका मुलीच्या नाचावर खूश झाला आणि भरात बोलून गेला : मागशील ते देईन, अर्ध्या राज्यापर्यंत. तिने योहान बाप्तिस्त्याचे शिर मागितले. राजाला फार वाईट वाटले; पण पाहुण्यांसमोर दिलेला शब्द मोडायचा कसा? ज्याला बोलण्यापूर्वी क्षणभर थांबता आले नाही, तो शब्द पाळण्याच्या बाबतीत एकाएकी फार नेमाचा झाला, आणि एका नीतिमान माणसाचा जीव गेला.

आपल्याकडेही असे हेरोद कमी नाहीत. "या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही," असे रागात बोललेले वाक्य भाऊ वीस वीस वर्षे पाळतात. बांधाच्या हातभर जमिनीवरून दिलेला शब्द पाळताना बहिणीच्या मयतीलाही जात नाहीत. रागात घेतलेली शपथ मोडणे हा दुबळेपणा नाही. ती पाळणे हाच अनेकदा खरा दुबळेपणा असतो. अशी एखादी शपथ आपल्या घरात असेल, तर ती मोडण्याला "उद्यापासून" म्हणू नका. फोन आजच करा.

तिसरी गंमत : बांधून घेतलेला माणूस मोकळा असतो

मग उपाय काय? तो आपल्या घरातच आहे. लहान मुलांचा मातीचा गल्ला आठवा. त्याला पैसे टाकायला फट असते, काढायला वाट नसते. ज्याने तो घडवला, त्याला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक होता. पैसे साठवायची इच्छा खरी आहे आणि मोडायचा मोहही खरा आहे. म्हणून इच्छा जागी असताना मोहाची वाट बंद करून ठेवायची.

आपल्या भगिनींची भिशी आणि बचत गट याच तत्त्वावर चालतात. एकटीने उशीखाली ठेवलेले शंभर रुपये महिनाभर टिकत नाहीत. पण दहा जणींसमोर दर महिन्याला द्यायचे शंभर रुपये बरोबर निघतात. त्या दहा जणींची इच्छाशक्ती कोणी वेगळ्या दुकानातून आणलेली नसते. त्यांनी फक्त एकमेकींना बांधून घेतलेले असते.

महाराष्ट्रात तर या युक्तीला शासकीय नियमाचे रूपही आहे. गावातले परवाना असलेले दारूचे दुकान बंद करायचे की नाही, यावर महिलांचे मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली, तर दुकान बंद होते. पिणाऱ्याला "मन घट्ट कर" असे हजार वेळा सांगून झाल्यावर या बायांनी ओळखले की, मन घट्ट करण्यापेक्षा दुकान बंद करणे सोपे आहे.

संत ऑगस्टीन तरुणपणी शुद्ध आचरणाची कृपा मागत असे, पण ती लगेच मिळू नये असेही त्याला वाटे! 'उद्यापासून नक्की' म्हणणाऱ्यांचा तो आद्य पुरुषच म्हणावा. पुढे ३८६ साली मिलान शहरातल्या एका बागेत तो ढसढसा रडला, तेव्हा त्याला उमगले की आपण आपल्याच इच्छांच्या दोन टोकांना ओढले जात आहोत. त्या वेळी त्याचा मित्र अलिपियस जवळ होता, घरात त्याच्यासाठी रडत आलेली आई मोनिका होती. ३८७ च्या पास्काच्या जागरणरात्री बिशप अँब्रोस यांच्या हस्ते त्याने स्नानसंस्कार स्वीकारला. त्याचा "उद्या" एकदाचा "आज" झाला, तो एकट्याच्या जोरावर नव्हे.

थांबायचे कोणाच्या भरवशावर?

अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांवर एक गमतीदार प्रयोग सुरू केला. मुलासमोर एक गोड वडी ठेवायची आणि सांगायचे : मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. कोणी डोळे झाकून घेतले, कोणी गाणी म्हटली. जी मुले थांबली ती पुढे शिक्षणात बरी निघाली, असे नंतर दिसले; आणि जगभर सांगितले जाऊ लागले की संयमी मूल यशस्वी होते. परंतु २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांची माहिती पुन्हा तपासली गेली. घरची परिस्थिती विचारात घेतली, तेव्हा तो संबंध बराच क्षीण झाला.

त्याहून बोलका प्रयोग रॉचेस्टर विद्यापीठात झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे वडी देण्याआधी काही मुलांना चांगले रंगीत खडू आणून देण्याचे वचन दिले आणि ते पाळले. काहींना वचन देऊन रिकाम्या हाताने परत आले. मग वडी ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांची फसवणूक झाली होती ती सुमारे ३ मिनिटे. मुलांच्या स्वभावात फरक नव्हता. मोठ्यांच्या शब्दात होता.

हे वाचून आम्हाला आपली ऊसतोड करणारी भावंडे आठवली. आपल्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि मग नवरा-बायकोचा कोयता महिनोन्‌महिने ती फेडत राबतो. बाहेरचे लोक सहज म्हणतात, "आधी पैसे उचलतात आणि उडवतात; यांना धीर नाही." धीर धरायला उद्याची खात्री लागते. पाऊस येईल का, दवाखान्याचे बिल किती होईल, मुलीच्या लग्नाला पैसे कोण देईल, याचा भरवसा नसलेला माणूस आजची उचल घेतो, तेव्हा त्याला उतावळा म्हणण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या कोणालाही नाही. आपले काम त्याला उपदेश करण्याचे नाही. मुले गावी राहिली असतील तर त्यांच्याकडे लक्ष देण्याचे, आणि त्याला दिलेला शब्द पाळण्याचे आहे.

आईबापांनो, मुलाने धीर धरावा असे वाटत असेल तर "रविवारी नेतो" म्हटल्यावर रविवारी न्या. देवावर विसंबून थांबायला मूल आधी तुमच्या शब्दावर शिकते.

सगळीच घाई वाईट नसते

घाटात रस्त्याच्या कडेला पाटी असते : अति घाई संकटात नेई. पाटी खरी आहे. पण जक्कय घाईघाईनेच उंबराच्या झाडावरून उतरला आणि आनंदाने येशूला घरी घेऊन गेला. त्याने "विचार करून कळवतो" म्हटले असते तर? चांगले करण्याची प्रेरणा झाली की पटकन उठावे, आणि राग, हाव, निराशा यांनी हाक मारली की बसून राहावे. आपण नेमके उलट करतो.

संत थॉमस अक्वायनास उतावळेपणाला जिन्याची उपमा देतात. बुद्धी वरच्या मजल्यावर आहे, कृती खाली. मधल्या पायऱ्या अशा : मागचे आठवणे, आत्ताचे नीट पाहणे, पुढचे परिणाम ताडणे, तुलना करणे आणि दुसऱ्याचा सल्ला ऐकणे. उतावळा माणूस वरून थेट उडी मारतो. पायऱ्या फक्त पाचच आहेत. पण पाय मोडायला तेवढ्या पुरतात.

संत इग्नेशियस लोयोला यांचीही अशीच एक गंमत आहे. १५२२ साली ते खेचरावर बसून माँटसेराटकडे निघाले होते. वाटेत एका मुसलमान प्रवाशाशी पवित्र मरियेवरून वाद झाला. तो पुढे निघून गेला आणि इग्नेशियस यांचे रक्त तापले. गाठून खंजीर खुपसावा की सोडून द्यावे? काही ठरेना, तेव्हा त्यांनी फाट्यावर लगाम सैल सोडला : खेचर जाईल तिकडे! तो प्रवासी गेला होता तो गावाचा रस्ता रुंद आणि चांगला होता; तरी खेचराने दुसरा रस्ता धरला. एक जीव वाचला आणि धर्मसभेला एक संत मिळाला. पुढे निर्णय कसा घ्यावा हे जगाला शिकवणाऱ्या गुरूचा तो निर्णय खेचराने घेतला होता!

त्याच इग्नेशियस यांनी नंतर दिलेला एक नियम आम्हाला आज तुमच्या हाती द्यायचा आहे : मन अंधारात असताना कोणताही जुना चांगला निर्णय बदलू नका. अंधारातला सल्लागार खरे बोलत नाही.

हे आम्ही हसत हसत लिहीत नाही. आपल्या मराठवाड्याने अशा अंधाऱ्या रात्री फार पाहिल्या आहेत. कर्ज, नापिकी, घरातले भांडण, परीक्षेचा निकाल. आणि एका घटकेचा निर्णय, जो सकाळी मागे घेता येत नाही. ज्या घरांनी हे दुःख सोसले आहे, त्यांना धर्मसभा दोष देत नाही. गेलेल्यासाठी आशेने प्रार्थना करते. पण ज्यांच्या मनात असा विचार येतो, त्यांना आमची विनवणी आहे : त्या रात्री काहीही ठरवू नका. कोणाला तरी उठवा. घरातल्या माणसाला, शेजाऱ्याला, नाही तर आम्हाला. रात्री दोन वाजता दार वाजले तरी आम्हाला राग येणार नाही. १४४१६ हा शासनाचा 'टेली-मानस' क्रमांकही दिवसरात्र मोफत चालतो. आणि ज्यांच्या घरात असे कोणी गप्प गप्प आहे, त्यांनी त्याला एकटे सोडू नका.

पेत्राचा झगा

शेवटी पुन्हा पेत्राकडे जाऊ. योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय. पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर उभा आहे. "प्रभू आहे" हे ऐकताच पेत्राने काय केले? झगा अंगाभोवती गुंडाळला आणि तळ्यात उडी मारली! सगळे जग पोहायला कपडे काढते. पेत्र कपडे घालून उडी मारतो. म्हणजे त्याचा उतावळेपणा गेलेला नाही. पण दिशा बदलली आहे. नाकारले होते ज्याला, त्याच्याचकडे आता तो धावतो.

किनाऱ्यावर येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? या वेळी पेत्र "बाकीच्यांपेक्षा जास्त" असे म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की, प्रभो, तुला सर्व ठाऊक आहे. मग येशू त्याला सांगतो : तरुण होतास तेव्हा स्वतःच कंबर बांधून हवे तिकडे जात होतास, म्हातारा होशील तेव्हा दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडे नेईल. "मरायला तयार आहे" हा पेत्राचा शब्द अखेर खरा ठरणार होता. त्याच्या बळाने नव्हे, दुसऱ्याच्या हाती स्वतःला सोपवल्याने.

संयम म्हणजे आवळलेली मूठ नव्हे. ती धरू दिलेली बोटे आहेत. देवाने धरलेली, आणि आपल्या माणसांनी धरलेली.

घरी चर्चेसाठी

१. आपल्या घरात "उद्यापासून" म्हणून कोणती गोष्ट सर्वांत जास्त वेळा सांगितली गेली आहे? तिच्यासाठी कोणता 'मातीचा गल्ला' करता येईल?

२. रागात दिलेला कोणता शब्द मोडायला हवा? प्रेमाने दिलेला कोणता शब्द पाळायचा राहिला आहे?

३. या आठवड्यात रोज रात्री दोन मिनिटे थांबून विचारा : आज मी कुठे उडी मारली, आणि कोणती पायरी चुकवली?

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमची घाई तुला ठाऊक आहे आणि आमची टाळाटाळही. रागाच्या वेळी आमचे पाय जड कर, चांगल्या कामाच्या वेळी हलके कर. अंधारात आमच्याजवळ कोणाला तरी पाठव, आणि दुसऱ्याच्या अंधारात आम्हाला पाठव. आमेन.

— तुमचे फादर